आकड्याची धाव कुंपणापर्यंत

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण माणसांना लावतो. संशोधनाची तयारी करताना ती आकड्यांना लावून बघा. प्रत्येक आकड्याला एक कुंपण असतं: कोणता प्राणी, कोणतं वय, किती दिवस, आणि नेमकं काय मोजलं. ते न बघता आकडा पलीकडे नेला की निष्कर्ष फसतो. विषय जिवंत प्राण्याचा असेल तर त्याची किंमत तो प्राणी मोजतो. म्हणून आज उदाहरणही सरड्याचंच घेऊ: शॅमेलियन ‘जबाबदारीनं’ पाळण्याच्या आणि त्याला खाऊ घालण्याच्या सल्ल्यांचं.

अशी माहितीपत्रकं तुम्ही वाचली असतील. साचा ठरलेला असतो. इतके किडे, त्यांच्यावर इतकी कॅल्शियमची पूड, इतके तास यूव्हीबी दिवा, सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा. यातलं बरंचसं बरोबरही आहे. शॅमेलियन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. रातकिड्यांसारख्या किड्यांत फॉस्फरसच्या मानानं कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे पूड लागते हेही खरं. माझा आक्षेप वेगळा आहे. या पत्रकांत ‘शॅमेलियन’ हा एकच प्राणी असल्यासारखं लिहिलेलं असतं, आणि आकडा कुठून आला हे क्वचितच सांगितलेलं असतं.

मग आकडा जिथून येतो तिथे जाऊ. २०१० साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांचा एक निबंध आला. प्राणी होता येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलियन. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली ५६ पिल्लं घेतली, त्यांचे गट केले, सगळ्यांना टोळ खायला दिले. फरक ठेवला तो कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, ड३ जीवनसत्त्व आणि यूव्हीबी प्रकाश यांत. सहा महिने हे चाललं. प्रश्न होता हाडांच्या आजाराचा: आहारातल्या कमतरतेमुळे वाढत्या पिल्लांची हाडं मऊ पडतात, वाकतात, मोडतात.

निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्यांच्या आहारात कोणतीच पूरक भर नव्हती त्या पिल्लांना आजार झाला, मग त्यांना यूव्हीबी मिळो वा न मिळो. म्हणजे ‘दिवा लावला की झालं’ हा समज तिथे कोसळतो. दोन्ही जीवनसत्त्वं, कॅल्शियम आणि प्रकाश हे सगळं मिळून द्यावं, अशी त्यांची शिफारस आहे.

निबंध चांगला आहे. गट नीट पाडलेत, आणि नुसत्या डोळ्यांनी बघून न थांबता हाडांची घनता मोजली, ऊती तपासल्या. आता त्याचं कुंपण बघू. प्राणी एकाच जातीचा. वय वाढीचं. काळ सहा महिने. मोजली ती मुख्यतः हाडं. यातून प्रौढ मादीला अंड्यांच्या काळात काय लागेल हे कळत नाही. दुसऱ्या जातीचं काय, तेही कळत नाही. हा दोष संशोधकांचा नाही; त्यांनी शीर्षकातच जात आणि वय लिहिलंय. दोष आहे तो त्यातला आकडा उचलून ‘सगळ्या शॅमेलियनसाठी’ म्हणणाऱ्याचा.

दुसरा निबंध शेजारी ठेवला की हे आणखी स्पष्ट होतं. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलियनवर काम केलं. ज्यांच्या आहारात ड३ कमी होतं ते प्राणी जास्त वेळ यूव्ही प्रकाशात गेले. ज्यांना ते भरपूर मिळत होतं ते कमी गेले. म्हणजे मात्रा प्राणी स्वतः सांभाळत होता, पण कधी? ऊन आणि सावली दोन्ही निवडायला जागा असेल तेव्हा. पहिला निबंध विचारतो, ‘किती द्यावं?’ दुसरा विचारतो, ‘प्राणी काय निवडतो?’ माहितीपत्रकं पहिला प्रश्न घेतात आणि दुसरा सोडून देतात, कारण निवडीचा आकडा चौकटीत छापता येत नाही. पण छोट्या पेटीत एकच दिवा डोक्यावर लावला की निवड संपली, मग तास कितीही अचूक असोत.

आता आपल्या गावाकडे या. समजा तुम्ही हट्ट्याचे आहात, आणि बांधावरच्या बोरीवर तुम्हाला एक हिरवा, संथ, डुलत चालणारा प्राणी दिसला. पहिला प्रश्न: हा कोण? आपण ज्याला रोज ‘सरडा’ म्हणतो तो बागेतला सरडा वेगळा. ज्याचे दोन डोळे स्वतंत्र फिरतात, बोटं चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली असतात आणि शेपटी फांदीला गुंडाळते, तो घोयरा. भारतातला शॅमेलियन तो हाच. तो विषारी नाही, लोक काहीही म्हणोत.

दुसरा प्रश्न: वरचे आकडे याला लागू होतात का? ते प्रयोग घोयऱ्यावर झालेले नाहीत. तिथला टोळ मोजूनमापून वाढवलेला होता. वसमत तालुक्यातल्या कापूस-सोयाबीनच्या फवारलेल्या रानातला नाकतोडा म्हणजे तो टोळ नव्हे. घोयऱ्याची मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते. पेटीत तशी माती नसेल तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते. कॅल्शियमची पूड तिथे काय करणार?

आणि तिसरा प्रश्न तर आहारापर्यंत जाऊच देत नाही. घोयरा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. त्याला पकडणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. ‘आमच्या प्रोजेक्टसाठी’ हे कारण आपोआप चालत नाही. संशोधनासाठी कलम १२ खाली परवानगी घ्यावी लागते. परदेशी जातींचंही मनाला येईल तसं नाही. शॅमेलियनच्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात येतात, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, अशा प्राण्यांची नोंदणी करणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणून आपल्याकडच्या पत्रकाची पहिली ओळ आहाराची नसावी. ‘हा प्राणी तुमच्याकडे असायला परवानगी आहे का?’ ही असावी. बहुतेक पत्रकांत ती शेवटीही नसते.

मग हट्ट्याच्या विद्यार्थ्यानं घोयऱ्यावर कामच करू नये का? करावं की. ‘घोयऱ्याला काय खाऊ घालावं?’ हा प्रश्न बदलून ‘घोयरा काय खातो?’ असा करा. पेटीची गरजच संपते. लांबून बघा, हात लावू नका. तारीख, वेळ, झाड, जमिनीपासूनची उंची, ऊन की सावली, काय पकडलं, हे वहीत लिहा. दिसला नाही ते दिवसही लिहा, त्यांनाही किंमत आहे. नेमकी जागा चारचौघांत सांगू नका. जखमी सापडला तर घरी उपचार न करता वन विभागाला १९२६ वर फोन लावा.

आणि पुढच्या वेळी कोणताही आकडा हाती आला, प्राण्याचा असो की पिकाचा, तर वहीत त्याच्याखाली चार शब्द लिहायची सवय लावा: कोण, वय, काळ, काय मोजलं. एखादी जागा रिकामी राहिली तर तो आकडा सध्या तुमच्या प्रबंधात घेऊ नका. मूळ निबंध शोधा, ती जागा भरा, मग ठरवा.