देवराईचा पेपर: भारी आहे, पण...

पासली-वेल्हे भागात फिरलात तर उघड्या डोंगरात मध्येच दाट झाडीचा ठिपका दिसतो. बहुतेकदा ती देवराई असते. अशा रायांवर माधव गाडगीळ (भारतीय विज्ञान संस्था, बंगळूर) आणि वा. द. वर्तक (पुणे) यांचा पेपर १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आला. देवराईवर पीएचडी करणारा प्रत्येकजण आजही तो उद्धृत करतो. वाचतो का, ते माहीत नाही!

त्याची खरी ताकद अशी की झाडांची यादी आणि गावाचा देव एकाच पेपरात बसू शकतात, हे त्याने दाखवलं. आपल्याकडे तेव्हा हे धाडसच होतं.

पण राया शिकारी-संकलक काळापासून चालत आल्या, हा त्यातला तर्क मला पटत नाही. म्हणजे तो चूक असेलच असं नाही, पण झाडांच्या यादीवरून राईचं वय कसं कळणार? त्यासाठी परागकण, कोळसा, जुनी दप्तरं बघावी लागतात. दुसरं, श्रद्धेमुळे जंगल टिकलं म्हणायचं तर देव असूनही तुटलेल्या रायांशी उभ्या रायांची पद्धतशीर तुलना हवी. रायांची तोड होतेय हे लेखक सांगतात, पण ही तुलना करत नाहीत.

प्रपोजल लिहिताय? मग तुटलेल्या रायांपासून सुरुवात करा.