समुद्राला लावलेला कान कोणाचा?

ध्वनीचे परावर्तन शिकवताना सोनारचे उदाहरण आपण सगळेच देतो. जहाजातून ध्वनी सोडला, समुद्रतळावर आपटून तो इतक्या सेकंदांनी परत आला, पाण्यातील ध्वनीचा वेग अमुक, तर तेथील खोली किती? काही विद्यार्थी दोनाने भागायला विसरतात, आपण ती चूक दाखवतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. तो ध्वनी कोणी सोडला, कशासाठी सोडला आणि मिळालेले उत्तर कोणाला सांगितले, हे प्रश्न त्या गणितात नसतात. ते इतिहासाच्या किंवा फार तर नागरिकशास्त्राच्या तासाचे, असे आपण धरून चालतो. नेओमी ओरेस्केस यांचे 'सायन्स ऑन अ मिशन' हे शिकागो विद्यापीठाने २०२१ साली प्रकाशित केलेले पुस्तक नेमक्या याच समजुतीला हात घालते. म्हणून शिक्षकांसाठी त्याचा परिचय आणि त्याविषयी आमचे मत येथे मांडत आहोत.

लेखिका मूळच्या भूवैज्ञानिक. हार्वर्ड विद्यापीठात त्या विज्ञानाचा इतिहास शिकवतात. एरिक कॉनवे यांच्यासह लिहिलेल्या 'मर्चंट्स ऑफ डाउट' (२०१०) या पुस्तकामुळे त्यांचे नाव अनेकांना परिचित आहे. नवे पुस्तक सातशेहून अधिक पानांचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या पैशावर स्क्रिप्स, वुड्स होल आणि लॅमाँट या तीन संस्थांमध्ये महासागर विज्ञान कसे वाढले, ही त्याची कथा. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र मोठा आहे : पर्यावरणाचा अभ्यास लष्कराच्या पैशाने झाला, तर त्याने काय बिघडते?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे असतात. पहिले म्हणजे, काहीही बिघडत नाही. पैसा कोणाचाही असो, निसर्गाचे नियम बदलत नाहीत. दुसरे म्हणजे, सगळेच बिघडते. बंदुकीच्या पैशावर वाढलेले विज्ञान विश्वासार्ह कसे असेल? ओरेस्केस यांना ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पैसा देणारा उत्तर ठरवत नसला, तरी कोणते प्रश्न विचारले जातील आणि कोणते विचारायचे राहून जातील, हे बऱ्याच अंशी तो ठरवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हांला ते पटते, एका दुरुस्तीसह. त्या दुरुस्तीकडे पुढे येऊ.

आधी एक जुनी हकीकत पाहू. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला असे आढळले, की सकाळी पाणबुडी नीट शोधणारे सोनार दुपारनंतर निकामी ठरते. यंत्रात दोष नव्हता. दिवसभराच्या उन्हाने समुद्राचा वरचा थर तापतो. उबदार पाण्यात ध्वनी जलद जातो, थंड पाण्यात सावकाश. त्यामुळे ध्वनितरंग कमी वेगाच्या, म्हणजे खालच्या थंड थराकडे वळतात आणि पृष्ठभागाजवळ काही अंतरावर ध्वनीची 'सावली' पडते. त्या सावलीत शिरलेली पाणबुडी सोनारला दिसत नाही. प्रकाशाच्या अपवर्तनाचे जे तत्त्व आपण काचेच्या ठोकळ्यावर शिकवतो, तेच हे. तेव्हा खोलीप्रमाणे तापमान कसे बदलते हे कळणे नौदलाच्या दृष्टीने जीवनमरणाचे झाले. अ‍ॅथेलस्टन स्पिलहाउस यांनी त्यासाठी बॅथिथर्मोग्राफ हे साधे, दोराने पाण्यात सोडायचे उपकरण बनवले आणि महायुद्धात व नंतर त्याच्या लाखो नोंदी जमा झाल्या.

आता या नोंदींचे पुढे काय झाले पाहा. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने शोषली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून समुद्र किती तापला, याचा हिशेब मांडताना आजचे शास्त्रज्ञ पाणबुड्यांसाठी घेतलेल्या त्याच नोंदी वापरतात. म्हणजे लष्करी पैशातून पर्यावरणाचे काही ज्ञान मिळालेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच नोंदी नकाशावर मांडल्या, की दुसरी बाजू दिसते. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकमध्ये ठिपक्यांची दाटी, दक्षिण गोलार्धात विरळ ठिपके. वरच्या दोन-तीनशे मीटरांची माहिती विपुल, त्याखाली अंधार. जेथे पाणबुड्यांची भीती होती तेथे आणि तेवढ्याच खोलीपर्यंत प्रामुख्याने मोजमाप झाले. समुद्राच्या उष्णतेचा हिशेब ठेवण्यासाठी कोणी ते करीत नव्हते. आज तो हिशेब मांडताना या मोकळ्या जागा अडचणीच्या ठरतात.

पुस्तकातील दुसरा धागा गोपनीयतेचा. लॅमाँट येथे मेरी थार्प आणि ब्रूस हीझेन यांनी उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. तो समोच्च रेषांचा नकाशा नव्हता, डोंगरदऱ्यांचे चित्र होते. खोलीचे नेमके आकडे नौदलाच्या दृष्टीने गोपनीय होते, त्यामुळे रेषा छापता येत नव्हत्या. भूगोलाच्या पुस्तकात समुद्रतळाचे जे देखणे चित्र आपण दाखवतो, त्याच्या देखणेपणामागे असे बंधन आहे. अशा गोपनीयतेमुळे भूपट्ट सिद्धांत म्हणजे प्लेट टेक्टॉनिक्स मांडला जाण्यास उशीर झाला, असे ओरेस्केस यांचे प्रतिपादन आहे. आकडे होते, ते वाचू शकणारी माणसेही होती. पण एकाचे आकडे दुसऱ्याच्या कल्पनेपर्यंत पोचत नव्हते.

येथे आमची दुरुस्ती. समुद्रतळ मध्यातून दुभंगून पसरतो, याचा निर्णायक पुरावा म्हणजे पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना आढळणारे चुंबकीय पट्टे. त्यांचा अर्थ लावणारा फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांचा लेख १९६३ साली आला. त्यातील महत्त्वाची मोजमापे कोठली होती? आपल्याच अरबी समुद्राच्या बाजूला पसरलेल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची. आणि ती घेणारे 'ओवेन' हे जहाज ब्रिटिश आरमाराचेच होते. १९६२ मध्ये, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, त्याने हे सर्वेक्षण केले. याच मोहिमेतून पुढे १९६६ साली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. म्हणजे जहाज आरमाराचे असूनही आकडे केंब्रिजच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर पोचले आणि ते सर्वांसमोर छापले गेले. आमच्या मते रेघ ओढायची असेल तर ती आधी खुल्या आणि बंद माहितीमध्ये ओढावी, मग खाकी आणि पांढऱ्या पैशामध्ये. नागरी खाती आणि खाजगी कंपन्याही माहिती कुलपात ठेवतात, हे विसरून चालणार नाही.

पण या दुरुस्तीने पुस्तकाचा मुख्य मुद्दा कोसळतो का? आम्हांला तसे वाटत नाही. कुलूप उघडले तरी आत जे मुळात जमवलेलेच नाही, ते कसे मिळणार? 'अ‍ॅल्विन' या छोट्या पाणबुडीचे उदाहरण घ्या. नौदलाच्या पैशाने बांधलेली ही पाणबुडी १९६४ मध्ये सेवेत आली आणि १९६६ मध्ये स्पेनजवळ समुद्रात हरवलेला हायड्रोजन बॉम्ब शोधण्यास तिची मदत झाली. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ तिच्यातून उतरलेल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळावर उष्ण पाण्याचे झरे आणि त्यांभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी भरगच्च जीवसृष्टी दिसली. विसाव्या शतकातील मोठ्या शोधांपैकी हा एक. पण त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता! नमुने टिकवायला पुरेसे रसायन नसल्याने काही प्राणी व्होडकात बुडवून आणावे लागले. असे जीव तेथे असतील हे कोणाच्याच मनात नव्हते, हे खरे. पण खोल समुद्र म्हणजे ध्वनी, तापमान आणि तळाचा आकार, अशी सवय तीस वर्षांत लागली असेल, तर जीवशास्त्रज्ञाला जहाजावर घ्यायला सुचणार तरी कसे?

याहून बोलके उदाहरण पुस्तकाच्या शेवटी येते. वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श यांनी १९७९ मध्ये ध्वनीच्या साह्याने समुद्राचे अंतरंग पाहण्याची कल्पना मांडली. तिचे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. ५,००० किलोमीटर जाण्यास त्याला सुमारे ३,३३३ सेकंद लागतील. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले तर वेग सुमारे ४ मीटरने वाढतो. वाटेतील पाणी केवळ ०.०१ अंशाने तापले, तरी ध्वनी सुमारे ०.०९ सेकंद लवकर पोचेल, आणि एवढा फरक मोजता येतो. जानेवारी १९९१ मध्ये हर्ड बेटाजवळ सोडलेला ध्वनी सुमारे १८,००० किलोमीटरवर ऐकू आला. भारतासह नऊ देशांनी या प्रयोगात भाग घेतला होता. शीतयुद्ध संपत होते, नौदलाकडे ऐकण्याची यंत्रणा तयार होती, आणि संरक्षण खात्याने १९९० मध्ये सुरू झालेल्या पर्यावरण संशोधन कार्यक्रमातून या कामाला सुमारे साडेतीन कोटी डॉलर दिले. तलवारीचा नांगर करावा, तसा हा बेत होता.

पण १९९४ मध्ये कॅलिफोर्निया आणि हवाईत लोक विरोधात उभे राहिले. समुद्रात सोडायचा हा खालच्या पट्टीतला आवाज देवमाशांना त्रास देणार नाही कशावरून? शास्त्रज्ञ चकित झाले. पृथ्वीच्या भल्यासाठी चाललेल्या कामाला विरोध कसा? पुढे झालेल्या अभ्यासात देवमाशांच्या वागण्यात मोठा बदल आढळला नाही, बारीक फरक तेवढे दिसले. पण मुद्दा तो नव्हता. प्रश्न आधी विचारायला हवा होता आणि तो लोकांनी विचारला, शास्त्रज्ञांनी नव्हे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नौदलाच्या समुद्रतळावरील श्रवणयंत्रांना देवमाशांचे आवाज कितीतरी वर्षे ऐकू येत होते. पाणबुडी शोधणाऱ्याला तो गोंगाट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ही यंत्रणा जीवशास्त्रज्ञांना वापरता आली, तेव्हा एका निळ्या देवमाशाचा माग सलग ४३ दिवस काढता आला. आवाज तोच, यंत्रही तेच. ऐकणारा बदलला होता.

समुद्राचे तापमान आज मुख्यतः वेगळ्या मार्गाने मोजले जाते. आर्गो प्रकल्पाचे तरंगते संवेदक २००० मीटर खोलीपर्यंत जाऊन दर दहा दिवसांनी वर येतात. २००७ साली त्यांची संख्या ३,००० झाली. भारत त्यात हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेमार्फत सहभागी आहे, आणि माहिती कोणालाही मिळते. दक्षिणेकडचे विरळ ठिपके आता भरू लागले आहेत.

पुस्तकाच्या उणिवाही सांगायला हव्यात. ते फार लांब आहे. समित्या आणि पत्रव्यवहार यांचा तपशील सामान्य वाचकाला थकवतो. आणि ते एकाच देशाचे आहे. नौदलाचा पैसा नसता तर काय झाले असते, हे ठरवायला दुसऱ्या देशाचा असाच सविस्तर अभ्यास शेजारी ठेवायला हवा. आपल्याकडचा कोणी करेल काय? विषय कमी नाहीत. हिमालयातील हिमस्खलनांचा अभ्यास करणारी आपली प्रमुख संस्था १९६९ पासून संरक्षण संशोधनाच्या छत्राखाली आहे. किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील मोठ्या प्रमाणावरचे नकाशे आपल्याकडे दीर्घकाळ प्रतिबंधित होते. विद्यार्थिदशेत कोकणातील एका खाडीच्या गाळाचा अभ्यास करताना आम्हांला तो नकाशा मिळाला नाही. कार्यालयातल्या गृहस्थांनी सुरक्षेचे कारण सांगितले आणि चहा पाजून परत पाठवले. आम्ही पावलांनी अंतरे मोजून आमचा नकाशा केला. त्या खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या कोळ्यांना गाळ कोठे साचतो हे नकाशाशिवाय ठाऊक होते, पण त्यांचे म्हणणे कोणत्याच कागदावर नव्हते. २००५ च्या नकाशा धोरणाने आणि २०२१ च्या नव्या नियमांनी यातील बरीच बंधने सैल झाली. पण मधल्या काळात जी मोजमापे झालीच नाहीत, ती आता मागे जाऊन घेता येणार नाहीत.

देशाचे संरक्षण आवश्यक आहे आणि काही गोष्टी गुप्त राहणार, हे आम्हांला मान्य आहे. पण नदी, हवा, समुद्र यांची माहिती त्यांच्या काठी राहणाऱ्यांना लागते, हेही तितकेच खरे. म्हणून सोनारचे गणित पुढच्या वेळी फळ्यावर मांडाल, तेव्हा उत्तर काढून झाल्यावर पाच मिनिटे राखून ठेवा. ही खोली कोणाला हवी होती, ती मोजल्यावर कोणाला सांगितली आणि त्याच जहाजावरून आणखी काय मोजता आले असते, हे विद्यार्थ्यांना विचारा. तिसऱ्या प्रश्नाला वर्गातून जी उत्तरे येतील, ती वहीत उतरवून ठेवण्याजोगी असतील, असा आमचा अनुभव आहे.