प्रवाशाचे उत्तरदायित्व : ‘माझा प्रवास’ आणि ‘वाटचाल’

मराठीतील प्रवासवर्णनांची चिकित्सा बहुधा लेखकाची निरीक्षणशक्ती आणि त्याची शैली या दोनच अंगांनी होत आली आहे. लेखक जेथे गेला तेथील माणसांशी व भूमीशी त्याचे नाते कोणते होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रवासी परप्रदेशाला उत्तरदायी असू शकतो काय, याचा विचार आज सर्वत्र होत आहे. परंतु तो प्रायः उपदेशाच्या भाषेत होतो. दोन मराठी लेखनकृतींच्या आधारे तो अधिक नेमकेपणाने करता येईल.

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये पुष्कळ फेरफार करून प्रसिद्ध केला. मूळ संहितेवर आधारलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने 1966 मध्ये आली. गोडसे भटजी सांस्कृतिक औदार्याचे प्रतीक मुळीच नव्हेत. गावाचे मोल ते पुष्कळदा दक्षिणेवरून ठरवितात आणि माणसाची ओळख जातीवरून करून घेतात. तरीही झाशीच्या वेढ्याचे व लुटीचे त्यांचे वर्णन तटस्थ प्रेक्षकाचे राहत नाही. याचे कारण त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या परिस्थितीत आहे. अन्न, आसरा आणि प्राणरक्षण या तिन्ही गोष्टींसाठी ते स्थानिकांवर अवलंबून होते; नगरावर आलेले संकट त्यांच्यावरही आले. आश्रिताला आश्रयदात्याचा विसर पडणे परवडत नाही. त्यांचे उत्तरदायित्व सद्गुणातून नव्हे, तर परावलंबनातून उपजले आहे.

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (1949) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख याहून निराळ्या प्रकारचा आहे. मानवशास्त्राची ही अभ्यासक वारीत पायी चालते. तिला भाषा परकी नाही, भक्तीची परंपराही परकी नाही. असे असूनही एकत्र गाणारी माणसे जेवावयास जातवार वेगळी बसतात, हे पाहून ती व्यथित होते. येथे उत्तरदायित्वाचे दुसरे अंग प्रकट होते. स्थानिक संस्कृतीचा आदर म्हणजे तिच्यातील प्रत्येक गोष्टीला मान डोलावणे नव्हे. मात्र टीका करण्याचा अधिकार लेखिकेने चालून मिळविला आहे. बरोबर चालणाऱ्यांच्या वेदनेशी तिच्या टीकेची नाळ तुटत नाही, म्हणूनच ती उपऱ्याची कुचेष्टा वाटत नाही.

या दोन्ही प्रवाशांना जोडणारा धागा कोणता? दोघांच्याही बाबतीत स्थानिकांपाशी काहीतरी सत्ता आहे : दार उघडण्याची वा न उघडण्याची, पंगतीत घेण्याची वा न घेण्याची. आधुनिक पर्यटकाने नेमकी हीच सत्ता पैशाने विकत घेतली आहे. मोल दिले की देणे फिटले, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः खोलीचे भाडे म्हणजे गावच्या पाण्याचे, वाटेचे किंवा शांततेचे मूल्य नव्हे. त्या गोष्टी विक्रीस काढलेल्याच नसतात.

साताऱ्याजवळील कासचे पठार हे याचे बोलके उदाहरण होय. पश्चिम घाटातील 39 स्थळांपैकी एक म्हणून 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. जांभ्याच्या सड्यावरील मातीचा थर इतका पातळ असतो, की फुलांत शिरून छायाचित्र काढणारा मनुष्य पुढील वर्षीच्या फुलांची जागाच तुडवीत असतो. त्याचा हेतू वाईट नसतो. किंबहुना सौंदर्याच्या ओढीनेच तो तेथे येतो. एकाच्या पावलाने फारसे बिघडत नाही, सहस्रावधींच्या पावलांनी बिघडते. आणि सहस्रावधींचा हिशेब एकट्याच्या सदसद्विवेकाला करता येत नाही. म्हणूनच तेथे आसपासच्या गावांच्या समित्या, प्रवेशशुल्क आणि संख्येवरील मर्यादा यांची व्यवस्था आली. ही व्यवस्थाही निर्दोष ठरली नाही. पठाराला घातलेल्या कुंपणामुळे गुरांची चराई थांबली व फुलांच्या वाढीस बाध आला, असा आक्षेप घेतला गेला. पाहुण्यांना आवरण्यासाठी उभारलेली भिंत घरच्यांनाच अडवू लागली, तर संरक्षणाचा अर्थ पुन्हा तपासावा लागतो.

यावर असा आक्षेप संभवतो, की या विवेचनात व्यक्तीच्या नीतीला स्थानच उरले नाही. तसे नाही. नियम संख्येला आवरतो, दृष्टीला नव्हे. रांगेत उभे राहून शुल्क भरणारा पर्यटकही गावकऱ्याला देखाव्याचाच एक भाग समजू शकतो. तेथे ‘वाटचाल’मधील दृष्टीच हवी, आणि दृष्टी असूनही तुडविले जाणारे पठार वाचवावयास नियमच हवा.

तात्पर्य, प्रवासी उत्तरदायी होऊ शकतो; परंतु एकट्याच्या बळावर नव्हे. ज्या भूमीला ‘येऊ नका’ म्हणण्याचा अधिकार आहे, तिच्याच बाबतीत ‘या’ या शब्दाला अर्थ असतो. प्रवासवर्णनाच्या समीक्षकानेही हीच कसोटी हाती घ्यावी : लेखकाने काय पाहिले याबरोबरच, ज्यांना पाहिले त्यांना नकार देण्याची मुभा होती काय, हेही विचारावे.