काळा डाग म्हणजे तेलच?

कुंडलच्या वर्गातून समुद्र दिसत नाही. त्यामुळे तेलगळती शिकवताना आपली सारी भिस्त उपग्रहाच्या नकाशावर असते. हा नकाशा कितपत भरवशाचा, ते तपासू.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीही माखली. पावसाळी ढगांपुढे उपग्रहाचा साधा कॅमेरा निरुपयोगी ठरतो. रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात. तेलाच्या तवंगाखाली पाण्यावरील बारीक तरंग दबतात, रडारकडे लहरी कमी परततात आणि चित्रात तेथे काळा डाग उमटतो. परातीतल्या पाण्यावर फुंकर घाला, मग तेलाचा थेंब सोडून पुन्हा घाला. तरंग दबलेले मुलांना दिसतील.

पण वारा पडला की स्वच्छ पाणीही काळेच दिसते. आणि वारा फार सुटला की तवंग विस्कटून डाग हरवतो. थराची जाडी नीट कळत नाही. खारफुटीच्या मुळांशी अडकलेले तेल तर वरून दिसतच नाही.

म्हणून आम्हांला वाटते, की तेल कोठे शोधावे एवढेच नकाशा सांगतो. नुकसान किती, ते नाही. त्यासाठी चिखलाचे नमुने आणि कोळ्यांच्या रोजच्या मासळीचा हिशेब लागतो. नकाशावर डाग नाही, म्हणून हानी नाही, असे मानले तर कोळ्यांची भरपाई बुडते. नकाशा शिकवताना मुलांना हेही सांगायला हवे.