‘हिंदोळ्यावर’ : टाकलेली आणि सोडून गेलेला

दिवाळीचा पाडवा हा जोडप्यांचा दिवस. चिंचवडच्या आमच्या वसाहतीत त्या संध्याकाळी घरोघर पाट मांडले जातात, निरांजने फिरतात, ओवाळणीवरून थट्टा चालते. गेल्या पाडव्याला ऐन त्या गडबडीत शेजारची एक मुलगी माझ्या दारात उभी राहिली. “बाई, वाचायला काही द्या,” म्हणाली. चाकणच्या एका कारखान्यात ती पाळीवर जाते. तिचा नवरा ‘गावी जाऊन येतो’ म्हणून गेला, त्याला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. पदरात शाळेत जाणारी लेक. मी कपाटातून विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ काढून दिली. आठ दिवसांनी पुस्तक परत आले, आणि त्याबरोबर तिचे एक वाक्य आले. त्या वाक्यामुळे ही कादंबरी मला पुन्हा वाचावी लागली.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ने महाराष्ट्रात वादळ उठवले. ‘विभावरी’ हे नाव घेणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी दुसऱ्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. तिची नायिका अचला विवाहित आहे, पण पतीचा संसार तिला उरलेला नाही. विरागविषयी तिला ओढ वाटते, मूल हवेसे वाटते, आणि लग्नाची पहिली गाठ तर सुटत नाही. या विषयाकडे लेखिका केवळ भावनेच्या वाटेने आली नव्हती. क. ना. केळकर यांच्याबरोबर तिने हिंदूंच्या व्यवहारधर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता. अचलेच्या वाटेवरची भिंत किती जाड आहे, हे तिला पुरते ठाऊक होते.

ती भिंत मात्र सर्वांसाठी सारखी नव्हती. खेड-चाकणच्या शिवारांत अनेक जातींत काडीमोड होता, पाट होता. पंचांपुढे गाठ सुटत असे. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. कोंडी झाली ती ब्रिटिश मुलखातल्या पांढरपेशा घरांतल्या स्त्रीची. तिने झुरावे, नाहीतर रूढी मोडावी. अचलेचा हिंदोळा या दोन टोकांमध्ये झुलतो.

आता त्या मुलीचे वाक्य सांगते. ती म्हणाली, “बाई, अचलेला विराग भेटला म्हणून तिची गोष्ट झाली. मला कोणी भेटलेलं नाही, आणि भेटावं असंही वाटत नाही. मग माझी गोष्ट होतच नाही का?”

मी निरुत्तर झाले. चाळीस वर्षे मराठी शिकवले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ‘हिंदोळ्यावर’चे मोठेपण मी नाकारीत नाही. नवऱ्यावाचून राहिलेल्या स्त्रीलाही इच्छा असतात आणि त्या पापी नसतात, हे तिने हिंदू विवाह कायद्याच्या एकवीस वर्षे आधी सांगितले. पण अचलेच्या मुक्तीचा प्रश्न प्रेमाच्या आणि मातृत्वाच्या रूपाने उभा राहतो. मोडलेल्या लग्नातून सुटणे ही गोष्ट स्वतःच्या बळावर, पुढे कोणी उभा नसताना, मागण्याजोगी आहे, हे तिथे गृहीत नाही. त्या काळात ते शक्यही नव्हते. दारच नसेल, तर दार उघडण्याची कथा कोण लिहिणार?

दार पुढे हळूहळू झाले. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्याने चार वर्षांच्या परित्यागानंतर घटस्फोट देऊ केला. १९५५ च्या कायद्यात परित्यागावर आधी न्यायिक विभक्तताच मिळे. घटस्फोट त्यानंतरच्या प्रतीक्षेने. १९७६ च्या दुरुस्तीने दोन वर्षांचा सलग परित्याग हे थेट कारण झाले, पतीला तसेच पत्नीलाही. आणि २००३ पासून पत्नी स्वतः राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. लग्न लातुराकडे झाले म्हणून या मुलीला पाळी बुडवून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत.

परंतु घरात कोण उरले एवढ्याने कायद्याचे समाधान होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९५६ चा एक निकाल आहे. मुंबईच्या एका पतीची तक्रार होती, पत्नी सोडून गेली. ती होती जळगावला, वडिलांकडे. ती परत यायला निघणार, तर ‘पाठवू नका’ अशी तार पतीनेच केलेली! न्यायालयाने त्याला घटस्फोट नाकारला. दूर राहणे वेगळे आणि संसार कायमचा मोडण्याचा हेतू वेगळा. परित्यागाला दोन्ही लागतात, असे त्या निकालात सांगितले आहे. एखाद्या चांगल्या कादंबरीकाराने करावी तशी ही मनाची चिकित्सा आहे.

म्हणून वकिलांनी या मुलीला विचारले, “ते कधी गेले? जाताना काय म्हणाले? तुम्ही बोलावलंत का?” ती घरी आली ती रडत नव्हती, चकित झाली होती. “बाई, आजवर सगळ्यांनी विचारलं, तुझं काय चुकलं. त्याने काय केलं, हे पहिल्यांदाच कोणी विचारलं.”

आपल्या भाषेत अशा स्त्रीला ‘टाकलेली’ म्हणतात. या शब्दात टाकणारा कुठेच दिसत नाही. डाग तेवढा तिच्या अंगावर राहतो. कायद्याच्या रुक्ष भाषेत मात्र ‘सोडून गेलेला’ कर्ता होऊन समोर येतो, त्याच्या जाण्याला तारीख मिळते, हेतू मिळतो. मराठी कथा-कादंबरीने हे व्याकरण अजून पुरते उचललेले नाही, अशी माझी तक्रार आहे. आमच्या परित्यक्ता एकतर सोशिक असतात, नाहीतर बंडखोर. अर्जाला तिकीट लावणारी, रजेचा हिशेब करणारी, लेकीला खरे सांगणारी परित्यक्ता मला वाचायला हवी आहे.

तिचा अर्ज पुण्याच्या कुटुंब न्यायालयात दाखल झाला आहे. निकाल यायचा आहे. यंदाच्या पाडव्याला ती पुन्हा आली. या खेपेस पुस्तक मागायला नव्हे. तिच्या लेकीने तिला ओवाळायचे ठरवले होते, आणि पाटाभोवती रांगोळी काढायला त्यांना माझी मदत हवी होती.