‘टेन्शनपायी झालं’ असं स्वीडनचा अभ्यास खरंच म्हणतो का?

माझी मामी इटियाडोहच्या कालव्याखालच्या गावात राहते. सहा वर्षांपासून तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे आमवात म्हणतात तोच. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. मागच्या रोवणीच्या वेळी मी गावी गेले होते, तेव्हा तिने मला विचारलं, “तू तर हेच शिकतेस ना वो बाई. माह्या टेन्शनपायीच लागलं ना मले हे?”

ही समजूत तिला मिळाली एका शिकलेल्या नातेवाइकाकडून. त्याला ती मिळाली ‘ताणामुळे ऑटोइम्यून आजार’ अशा मथळ्याच्या बातमीतून. मी मानसशास्त्रात पीएच.डी. करते, दीर्घ आजार आणि मनःस्थिती हाच माझा विषय. म्हणून म्हटलं, अशा बातम्यांच्या मुळाशी असलेला सगळ्यात मोठा अभ्यास एकदा नीट उघडून बघू.

हा अभ्यास २०१८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आजारांची सरकारी नोंद असते. त्या नोंदींतून १९८१ ते २०१३ या काळातले ताणाशी संबंधित मानसिक विकार असलेले १,०६,४६४ लोक घेतले, त्यांच्याशी जुळणारे दहापट इतर लोक घेतले आणि १,२६,६५२ सख्खी भावंडं घेतली. मग कोणाला पुढे ऑटोइम्यून आजार झाला ते पाहिलं. ऑटोइम्यून म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो प्रकार. अशा ४१ आजारांचा हिशोब इथे आहे.

भावंडांशी केलेली तुलना ही या अभ्यासाची मोठी जमेची बाजू. एकाच घरात वाढलेली, बरीच जनुकं सारखी असलेली माणसं शेजारी ठेवली की पुष्कळ शंका आपोआप गळून पडतात. तरीही फरक उरला. जुळवून घेतलेल्या इतर लोकांच्या तुलनेत, बाकी गोष्टी जमेस धरून, विकार असलेल्यांमध्ये धोका ३६ टक्के जास्त दिसला.

आता हे ‘३६ टक्के’ आपण कसं वाचतो ते बघा. वर्षाला दर हजारी साधारण ६ जणांना आजार होत होता, तिथे ताणाच्या विकारवाल्यांत ९ जणांना झाला. हजारात तीन जास्त. उरलेल्या ९९१ जणांना त्या वर्षी काहीच झालं नाही. बातमीत ३६ येतं, ९९१ येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इथे ‘ताण’ म्हणजे नक्की काय मोजलं? तर मोठ्या आघातानंतरचा पीटीएसडी, तीव्र ताणाची प्रतिक्रिया, समायोजन विकार वगैरे डॉक्टरांनी निदान केलेले विकार. सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, धानाचा चुकारा अडकला याची काळजी त्यात नाही. मामीचं ‘टेन्शन’ या अभ्यासात मोजलेलंच नाही, मग तो तिच्याबद्दल निकाल कसा देणार?

तिसरी शंका आधी काय आणि मग काय याची. आमवाताच्या प्रतिपिंडांवर नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचे जुने नमुने तपासून झालेलं काम आहे (२००४). पुष्कळ रुग्णांच्या रक्तात सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधी हे प्रतिपिंड होते. म्हणजे आजार आत सुरू होतो केव्हा आणि कळतो केव्हा, यात मोठं अंतर असू शकतं. स्वीडनच्या लेखकांनी स्वतः कारण-परिणामाचा दावा केलेला नाही. तो मथळा लिहिणाऱ्यांनी केला.

बरं, उलट दिशेचं काय? आजारामुळे मन बिघडतं, याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मामी मधेच चिडते, रात्री दोनला उठून भांडी घासते, दुसऱ्या दिवशी रडते. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. पण तिच्या गोळ्यांत स्टेरॉइड आहे. १९७२ साली बोस्टनच्या एका गटाने प्रेडनिसोन घेणाऱ्या ७१८ रुग्णांची पाहणी केली होती. दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत डोस असलेल्यांत १.३ टक्के लोकांना मानसिक त्रास झाला, ८० च्या वर असलेल्यांत १८.४ टक्के. मामीचा डोस कमी आहे, म्हणून सगळा दोष गोळीवर टाकता येणार नाही. पण झोप उडणं, चिडचिड होणं कमी डोसलाही होऊ शकतं. गोळी कोणत्या वेळी घ्यायची, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारला तरी पुष्कळ फरक पडू शकतो. मनाने मात्र ती बंद करायची नाही, अचानक स्टेरॉइड थांबवणं धोक्याचं असतं.

आता माझ्या स्वतःच्या शाखेवर टीका. नैराश्य मोजायला आम्ही सर्रास पीएचक्यू-९ वापरतो. नऊ प्रश्न, २७ पैकी गुण, १० च्या वर गेलं की काळजी. त्यात थकवा, झोप, भूक यांचे प्रश्न आहेत. आमवात असलेल्या बाईला हे तिन्ही आजारामुळेच होतात! मी सरावासाठी मामीला प्रश्न विचारले. ‘कामात रस वाटत नाही का?’ यावर ती म्हणाली, “रस हाय ना. हात नाही.” बाकीच्या बाया पऱ्हे घेऊन बांधीत उतरलेल्या आणि ही धुऱ्यावर बसलेली. या उत्तराला किती गुण द्यायचे, ते माझ्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. इस्पितळातल्या रुग्णांसाठी १९८३ साली बनवलेल्या एचएडी मापनात शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळली होती, ती याच अडचणीमुळे. तरी सोपं म्हणून आम्ही दुसरंच उचलतो.

स्वीडनसारख्या नोंदी आपल्याकडे नाहीत, पण भिगवण आहे. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. आमवाताचं प्रमाण साधारण हजारी पाच निघालं. घरी जाऊन, त्यांच्या भाषेत विचारलं म्हणून ते कळलं. मनाबद्दलही तसंच विचारावं लागेल, आणि तेही रोवणीच्या दिवसांत. दवाखान्याच्या रांगेत, नागपूरचा फेरा आणि एक दिवसाची मजुरी घालवून बसलेल्या बाईला विचारलं, तर त्या दिवसाचा वैताग तेवढा मोजला जाईल.

ताण कमी झाला तर बरंच वाटतं, त्याला माझा विरोध नाही. रुग्णांना आजाराची नीट माहिती आणि आधार दिला की मनःस्थिती थोडी सुधारते, पण तो परिणाम फार काळ टिकत नाही, असं आमवातावरच्या प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. म्हणजे एकदा उपदेश करून भागत नाही, सोबत चालू ठेवावी लागते. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणाऱ्याने निदान नागपूरला सोबत जावं.

मामीला मी सांगितलं, “तुझ्यामुळे नाही झालं.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हे तुह्या मामाले सांग.” सांगितलं. पुढच्या तारखेला मामा सोबत गेले आणि गोळीच्या वेळेचं त्यांनीच विचारलं.