सांघिक खेळातील उक्ती आणि यंत्र : ‘डोटा २’ च्या निमित्ताने

संगणकावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या डावपेचांच्या खेळांत सहकाऱ्यांशी आवाजाने बोलण्याची सोय असते. टंकलिखित संदेशापेक्षा उच्चारलेला शब्द लवकर पोहोचतो, एवढेच तिचे महत्त्व मानण्याचा प्रघात आहे. मायक्रोफोन, हेडफोन आणि कळ यांची जुळणी ही तर केवळ तांत्रिक बाब समजली जाते. भाषाशास्त्रीय दृष्टीने हा समज अपुरा आहे. उक्ती कोठे सुरू झाली आणि कोठे संपली, हे या जुळणीवर अवलंबून असते. म्हणून तिचा परिणाम अर्थापर्यंत पोहोचतो.

व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ साली प्रसिद्ध केलेला ‘डोटा २’ हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ असतात आणि एका संघाचे बोलणे त्याच संघाला ऐकू येते. कार्ल ब्यूलर याने १९३४ च्या आपल्या भाषासिद्धान्तविषयक ग्रंथात दर्शक क्षेत्राची कल्पना मांडली. ‘मी’, ‘येथे’, ‘आता’ या शब्दांचा अर्थ वक्त्याच्या स्थळकाळाशी बांधलेला असतो, हे तिचे सार होय. समोरासमोरच्या संभाषणात हे क्षेत्र दोघांना समान असते. ‘डोटा २’ मध्ये मात्र प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावर रणभूमीचा निराळा भाग असू शकतो. अशा वेळी ‘इकडे या’ या वाक्यातील ‘इकडे’ निराधार होते. ऑल्ट कळ दाबून नकाशावर टिचकी मारली की तेथे खूण उमटते आणि तिचा ध्वनी सहकाऱ्यांना ऐकू येतो. या खुणेला पिंग म्हणतात. ‘इकडे’ला अर्थ मिळतो तो या खुणेमुळे. किंबहुना शब्द आणि खूण मिळूनच तेथे एक उक्ती पूर्ण होते.

याहून महत्त्वाचा प्रश्न उक्तीच्या सीमांचा आहे. आवाज पाठविण्याच्या दोन रीती सर्वत्र प्रचलित आहेत. पहिलीत खेळाडू कळ दाबून धरतो, तोवरच त्याचा आवाज जातो. दुसरीत आवाजाने ठरावीक पातळी ओलांडली की मार्ग आपोआप खुला होतो. दुसऱ्या रीतीत पातळी फार उंच ठेवली तर वाक्याचा आरंभ गळण्याचा संभव असतो. पहिलीत कळ लवकर सुटली की शेवट गळतो. या दोन हानी सर्व भाषांना सारख्या बाधत नाहीत. इंग्रजीत ‘डोन्ट गो’ या आज्ञेतील निषेध आरंभी येतो; आरंभ गळाला तर ‘गो’ एवढेच उरते. मराठीत निषेध बहुधा क्रियापदामागून येतो. ‘पुढे जाऊ नका’ यातील अखेरचा शब्द गळाला तर ‘पुढे जाऊ’ उरते, आणि हे तुटलेले वाक्य वाटत नाही. तो सरळ प्रस्ताव होतो, आणि तोही मूळ हेतूच्या नेमका उलट. ऐकणाऱ्याला काही हरवल्याची शंकाही येत नाही. संघ पुढे जातो आणि दोष बोलणाऱ्याच्या माथी येतो. कळ सोडल्यावरही क्षणभर मार्ग खुला ठेवण्याची सोय डिस्कॉर्डसारख्या संभाषण-साधनांत आहे. मराठीतून बोलणाऱ्या संघाने ती वापरणे हा सोयीपेक्षा वाक्यरचनेचा प्रश्न आहे.

आवाजाला पर्याय म्हणून ‘डोटा २’ मध्ये चॅट व्हील आहे. त्यातील ठरीव वाक्यांपैकी एक निवडले की ते प्रत्येक सहकाऱ्याला त्याने निवडलेल्या भाषेत दिसते. भिन्नभाषिक अनोळखी माणसांचा संघ जुळतो तेव्हा याचा उपयोग मोठा आहे. शिवाय आवाज संदेशाबरोबर वक्त्यालाही उघड करितो. त्याचे वय, लिंग, प्रांत यांविषयी श्रोता लगेच अनुमाने बांधतो, आणि त्यांवरून कुचेष्टा झाली की काहींना मौन पत्करावे लागते. ठरीव वाक्यात ही भीती पुष्कळ कमी होते. परंतु त्यात कारण सांगता येत नाही, शंका घेता येत नाही, हेल काढून अनिश्चितता सुचविता येत नाही. ‘मागे फिरा’ असे सांगता येते. ‘मागे फिरावे असे वाटते, पण खात्री नाही’ असे सांगता येत नाही. डावपेच ठरविण्यात तर हा दुसरा प्रकारच अधिक मोलाचा असतो. म्हणून चॅट व्हील हे आवाजाचे पूरक साधन ठरते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

या विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी एक आवश्यकता निष्पन्न होते. अशा खेळांतील संभाषणाचे ध्वनिमुद्रण करून लिप्यंतर करणाऱ्याने आवाज कोणत्या रीतीने पाठविला गेला, कळ केव्हा सुटली आणि पिंग कोठे उमटले, याची नोंद उक्तीबरोबरच केली पाहिजे. ती नसेल तर यंत्राने गाळलेला ‘नका’ वक्त्याने उच्चारलाच नव्हता, असा निष्कर्ष निघेल. आणि यंत्राची त्रुटी भाषिक व्यवहाराचे वैशिष्ट्य म्हणून नोंदली जाईल.